मदर्स डेची वही

ती खिडकी मुळात एवढी खाली कुणी बसवली, हे एन्डोला शहरातल्या त्या तेल-साबणाच्या कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. आत खुर्चीवर बसणाऱ्याची सोय बघून गवंड्याने चौकट ठोकली असणार. बाहेर उभं राहणाऱ्याचा विचार त्याला कशाला सुचतोय. त्यामुळे रजा मागायची असो, नवा एप्रन हवा असो की मयताला जायचं असो, कमरेत वाकल्याशिवाय माणसाचं तोंड काचेतल्या भोकापाशी पोचत नसे. सव्वीस वर्षं त्या काचेमागे बाना काबासो बसली, आणि सव्वीस वर्षं तिला वाटत आलं की लोक आपल्याला मान देतात.

तिचं खरं नाव अगाथा. पण पहिला मुलगा काबासो झाला आणि रीतीप्रमाणे ती काबासोची आई, म्हणजे बाना काबासो झाली; अगाथा फक्त पगारपत्रकावर उरली. मिशनच्या शाळेत टायपिंग शिकून ती पर्सोनेल ऑफिसात लागली, नवरा रेल्वेत होता तो लवकर गेला, आणि ऑफिस हेच तिचं दुसरं घर झालं. स्मरणशक्ती अशी की साडेतीनशे माणसांची गावं, पोरं, सासुरवाडी तिला तोंडपाठ. वस्तीतही तिला मोठा मान. लग्न ठरलेल्या मुलींना संसाराचं शिकवणारी जी जाणती बाई असते, नाचिंबुसा म्हणतात तिला, तशी ती होती. शनिवारी मुली तिच्यापुढे चटईवर बसत. नवऱ्याला काय बोलून सांगायचं आणि काय न बोलता, हे ती त्यांना शिकवी. महिन्याचे ते दिवस आले की खाटेशी लाल मण्यांची माळ अडकवायची, तो समजतो. त्या दिवसांत रश्श्यात मीठ आपल्या हाताने घालायचं नाही. लेकराला हाक मारायची, नाहीतर नणंदेला. ती येते, चिमूटभर टाकते आणि निघून जाते. मीठ आज कुणी घातलं, हे घरात कुणी विचारत नाही. "विचारणारा माणूस घरातला नव्हे," असं ती मुलींना बजावून सांगे.

शनिवारी हे सांगे, आणि सोमवारी वही उघडून बसे.

ती वही निळ्या पुठ्ठ्याची होती. त्या देशात बायकांना महिन्यातून एक दिवस कारण न सांगता सुट्टी मिळते, तिला सगळे मदर्स डे म्हणतात. तिला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही की खुलासा लागत नाही. पण तेव्हाचे मॅनेजर चिसांगा कुरकुरत, की पगार झाला की दुसऱ्याच दिवशी पॅकिंगच्या निम्म्या बायकांना मदर्स डे कसा काय येतो. बाना काबासो त्यांना म्हणाली, मी बघते. बाईची लबाडी बाईलाच कळायची. तिने वहीत नावं लिहिली, पुढे बारा घरं आखली आणि प्रत्येकीची तारीख मांडायला लागली. तारखा पुढेमागे झाल्या की खिडकीतून विचारणा. दोघीतिघी खोट्या पडल्याही. त्या नाताळात चिसांगांनी मक्याच्या पिठाचं पंचवीस किलोचं पोतं तिच्या घरी पाठवलं, तेव्हा तिला धन्य वाटलं होतं.

चिसांगा निवृत्त झाले, कारखाना विकला गेला, आणि जानेवारीत नव्या मालकांनी लुसाकाहून लुयांदो नावाची बाई पाठवली. वय छत्तीस, केस कापूस पिंजल्यासारखे मोकळे, पायात कॅनव्हासचे बूट. पहिल्या दिवशी ती ऑफिसात न येता बाहेर रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर काचेपाशी वाकली आणि म्हणाली, "आई, इथे वाकून वाकून माझी कंबर गेली. या लोकांची कशी राहिली?"

बाना काबासोला वाटलं ही थट्टा करतेय. पण लुयांदो थट्टा करत नव्हती. तिने पर्सोनेल हे नावच बंद केलं. आपण कागद राखायला नाही, माणसं राखायला बसलोय, असं ती जेवणाच्या सुट्टीत प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगू लागली. बायकांना तेही हसायला पुरलं. रॅपर बदललं म्हणून काय साबणाला जास्त फेस येतो का, असं पॅकिंगची एनकोंदे मोठ्याने म्हणाली, आणि लुयांदोही त्यांच्यात बसून हसली. मग हळूहळू दिसायला लागलं की बाई बोलते तसं करते. मयताला किती दिवस लागतात ते मयताच्या घरचाच सांगेल, असं ठरलं. मदर्स डेला सही नाही, वही नाही. शेजारणीला सांगायचं, उद्या मी नाही, झालं. खिडकीची भिंत पाडून तिथे बाकं टाकायची होती. आणि अडीअडचणीला जिच्याकडे जावं अशी एक बाई कामगारांनी स्वतः पसंत करायची होती. तिला स्वतंत्र खोली, निवृत्तीनंतर आणखी पाच वर्षं काम.

लुयांदोने स्वतःहून बाना काबासोचं नाव सुचवलं. "तुम्हाला सगळ्यांचं सगळं माहीत आहे, आई. शुक्रवारी सकाळी पाळी बदलताना मी विचारते सगळ्यांना."

बाना काबासोला रात्रभर झोप आली नाही, ती आनंदाने. निवृत्तीला आठ महिने उरले होते. काचेमागून उठल्यावर आपण कोण, हा प्रश्न तिला गेलं वर्षभर कुरतडत होता. तो सुटल्यात जमा होता.

सोमवारी तिच्यावर कपाटं रिकामी करायचं काम आलं. जुन्या फायली बॉयलरमध्ये जायच्या होत्या, पण त्याआधी लोकांचं जे काही असेल, बाप्तिस्म्याचे दाखले, फोटो, पत्रं, ते काढून ज्याचं त्याला द्यायचं. ती उकिडवी बसून एकेक चाळत होती. तळाशी निळ्या वह्या निघाल्या, सात. गंमत म्हणून तिने एक उघडली. आपलंच अक्षर, कसं मण्यांसारखं, म्हणून कौतुकाने बघत असताना एका पानावर बोट थांबलं.

रोइडा म्वापे, पॅकिंग. ऑक्टोबरपासून नऊ, अकरा, दहा, नऊ. मग एकदम चोवीस. मग कोरं घर. पुन्हा कोरं. पुन्हा कोरं. आणि त्यापुढे लाल शाईने, खाली दोन रेघा ओढून: गरोदर. कंत्राट वाढवू नये.

त्या वेळचा कायदा असा होता की नोकरीची दोन वर्षं भरली की बाळंतपणाची पगारी रजा द्यावी लागे. रोइडाचे बावीस महिने झाले होते. बाना काबासोने वही चिसांगांपुढे ठेवली होती आणि त्यांनी नुसती मान हलवली होती. रोइडाने काचेपाशी वाकून, माझं काय चुकलं, एवढंच विचारलं होतं. बाना काबासो म्हणाली होती, काम कमी आहे.

रोइडा कुठे लांब गेली नव्हती. महिन्याभरात ती फाटकाबाहेर कढई मांडून बसली. तिचे वितुंबुवा, ते पिठाचे गोल तळलेले गोळे, आतून जाळीदार आणि वरून खरपूस, सगळ्या कारखान्यात नावाजले गेले. बाना काबासो गेली चौदा वर्षं रोज सकाळी तिच्याकडून पाच घेई, आणि रोज रोइडा वर एक म्बासेला म्हणून टाकी. म्बासेला म्हणजे गिऱ्हाइकाला प्रेमाने दिलेलं वरचं. तो सहावा गोळा बाना काबासो कागदात नीट गुंडाळून घेई आणि मनाशी म्हणे, पोरीने मनात काही ठेवलं नाही. गुणी आहे.

आता वही मांडीवर ठेवून ती महिने मोजायला लागली. मेमध्ये कंत्राट संपलं. जूनच्या थंडीत रोइडा कढईपाशी बसायची, अंगाला चितेंगे, ते बायका नेसतात-पांघरतात ते छापील कापड, घट्ट गुंडाळलेलं. जुलै, ऑगस्ट. सप्टेंबरात उन्हं तापली. पोट सपाटच. हे तिला आज सुचत नव्हतं; तिने ते तेव्हाही बघितलं होतं. तेव्हा तिने मनाशी म्हटलं होतं, पडलं असेल बिचारीचं. रविवारी चर्चमध्ये तिच्यासाठी एक प्रार्थनासुद्धा केली होती. एवढी सोय करून घेतली होती तिने स्वतःची.

कपाटाच्या दाराला धरून ती उठली. वही तिने बॉयलरच्या ढिगात टाकली नाही. पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, ती कढईपाशी जाऊन बसली. कसं विचारावं ते सुचेना. हवापाण्याचं झालं, तेलाच्या भावाचं झालं. शेवटी तिने विचारलं, की रोइडा, त्या वर्षी तू दोन जिवांची होतीस का.

रोइडाने झारा कढईच्या काठावर आडवा ठेवला. तिला तो प्रश्न समजायला वेळ लागला; समजला तेव्हा ती हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं. मग तिने सांगितलं. आवाज न चढवता, पीठ मळावं तसं सावकाश.

त्या महिन्यात तिची तारीख हुकली होती. आजारी होती, पुढे गेली. चोवीसला ती खिडकीशी वाकली. मागे पाळीची सगळी रांग, बायका, पुरुष. बाना काबासोने वहीत बघून भोकातून मोठ्याने म्हटलं होतं, दर खेपेला दहाच्या आसपास, आज चोवीस? तुझा चंद्र काय वाटेत पंक्चर झाला? रांग हसली होती. रांगेत तिसरा माणूस बॉयलरवरचा म्हातारा होता.

"ते माझे सासरे होते, बाना काबासो. तुम्ही माझ्या सासऱ्यांसमोर माझ्या तारखा वाचल्यात."

बाना काबासोला म्हातारा आठवला. त्याने पुढल्याच आठवड्यात कायमची रात्रपाळी मागितली होती. एवढ्या वयात रात्रपाळी कशाला, म्हणून तिला नवल वाटलं होतं. तिने अर्जावर लिहिलं होतं: खासगी कारण. त्या रांगेतल्या माणसांना पुन्हा तोंड दाखवायला नको म्हणून तो माणूस सहा वर्षं रात्री जागला आणि तसाच मेला. सून आणि सासरा ज्या घरात एकमेकांकडे नजर वर करून बघत नाहीत, त्या घरात हे कसं राहिलं असेल, हे वस्तीतल्या पोरींना संसार शिकवणाऱ्या बाईला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"त्यानंतर मी मदर्स डे घेतलाच नाही," रोइडा म्हणाली. "पोटाला फडकं बांधून यायची, कधी गोळी खाऊन. पण त्या खिडकीशी नको. तीन महिने काढले. मग तुम्ही म्हणालात, काम कमी आहे."

म्हणजे तीन कोरी घरं ही होती. तिनेच पोरीचं तोंड बंद केलं, आणि त्या गप्प बसण्यालाच पुरावा धरून तिला घालवलं.

बाना काबासोच्या तोंडून जे आलं ते तिला स्वतःलाच मूर्खपणाचं वाटलं. तिने विचारलं, मग रोज मला तो वरचा एक का घालत आलीस?

"पहिलं वर्ष आशेने. म्हटलं परत घ्याल." रोइडाने झारा उचलला. "पुढे हाताला सवय लागली."

बाना काबासोने पदरासारखं चितेंगे सावरलं आणि तिथेच, तेलाने काळ्या झालेल्या मातीत, दोन्ही गुडघे टेकले. हाताच्या ओंजळी करून ती टाळी वाजवणार, जशी मोठ्यांपुढे चुकलेल्याने वाजवायची असते, तोच रोइडाने तिचा दंड धरला. सतरा वर्षांनी मोठी बाई आपल्यापुढे गुडघ्यावर, हे फाटकावरचा रखवालदार टक लावून बघत होता.

"उठा. आणखी बोल आणू नका माझ्यावर. लोक म्हणतील, हिने म्हातारीला मातीत बसवलं." मग हलक्या आवाजात, "आणि इथे आहे कोण? मी आणि कढई. तेव्हा रांग होती."

दोन दिवस बाना काबासो तेच घोळवत राहिली. रोइडाचं म्हणणं न्यायाचं होतं. रांगेत घातलेलं रांगेतच उचलायला हवं. पण उचलायचं कसं? रांगेत पुरुष असणार. नाव घेऊन सांगायचं तर पोरीच्या तारखा पुन्हा एकदा चारचौघांत वाचल्यासारखं. चौदा वर्षांत विसरलेल्यांना आठवण करून दिल्यासारखं. नाव न घेता गोलगोल बोलायचं, तर तो पळपुटेपणा. आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक विचार सापासारखा वेटोळं घालून होता, तो तिला सगळ्यात लाजवणारा: शुक्रवारी पसंती होऊन जाऊ दे, मग सोमवारी सांगू. तो तिने दोनदा झटकला आणि तो दोनदा परत आला. गुरुवारी संध्याकाळी तर ती लुयांदोच्या दारापर्यंत जाऊन, उद्या कोणतं चितेंगे नेसून येऊ, एवढंच विचारून परत आली. लुयांदो म्हणाली, पिवळं.

शुक्रवारी ती पिवळंच नेसून आली. सकाळची पाळी आत निघालेली, रात्रीची बाहेर, फाटकाशी दोनशे माणसं. रोइडाची कढई नेहमीच्या जागी. लुयांदोने थोडक्यात सांगितलं की यापुढे या जागी खिडकी नसेल, आणि जिच्याकडे तुम्ही याल ती बाई तुम्ही निवडायची. पहिलं नाव आहे बाना काबासो. कुणीतरी चारदोन टाळ्या वाजवल्या. एनकोंदेने हाताची घडी घातली.

बाना काबासो ऑफिसच्या आत जाऊन उभी राहणार होती, तशी सवय. मग ती बाहेर, खिडकीच्या या बाजूला आली. निळ्या वह्या तिने काचेपुढच्या फळीवर ठेवल्या. ती पुटपुटल्यासारखं बोलायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, मोठ्याने, बाई, भोंगा होईल.

"घरात मीठ कुणी घातलं, हे आपण विचारत नाही," ती म्हणाली.

बायकांची कुजबुज एकदम थांबली. पुरुषांनी माना खाली घातल्या. तिथल्या भाषेत याहून उघड बोलायची गरज नसते.

"मी विचारलं. या खिडकीत बसून, तुमच्या सगळ्यांसमोर. थट्टा केली. आणि लिहून ठेवलं, सात वह्या. त्यातलं वाचून मी एका लेकीच्या पोटावर पाय दिला, आणि ते वाचलेलंही खोटं होतं. एका मोठ्या माणसाला मी तोंड लपवायला लावलं. तो आता नाही. मला पसंत करू नका."

एवढंच. तिने आणखी काही योजलं होतं, ते आठवलं नाही. मागच्या लोकांना ऐकू गेलं नव्हतं. काय म्हणाली, काय म्हणाली, असं चाललं होतं. एक तरुण पोरगी फिस्सकन हसली आणि शेजारणीने तिला कोपर मारलं. लुयांदो गोंधळून एकदा बायकांकडे, एकदा वह्यांकडे बघत होती. तेवढ्यात भोंगा झाला आणि रांग हलली. जाताना कुणी बाना काबासोच्या जवळ आलं नाही. साबणाच्या कढईवरची एक वयस्क बाई तेवढी तिच्याजवळून जाताना थबकली, वहीवर बोट ठेवून म्हणाली, "यात माझंही पान असेल," आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

बाना काबासोला ते पान शोधावंसं वाटलं नाही. असणारच होतं. असं पान फक्त रोइडाचं एकटीचं होतं, असं जे ती चार दिवस धरून बसली होती, तेसुद्धा स्वतःची सोयच होती.

रोइडा कढई सोडून रांगेच्या टोकाशी येऊन उभी राहिली होती. ती केव्हा परत जाऊन बसली, ते बाना काबासोने पाहिलं नाही.

कामगारांनी एनकोंदेला निवडलं. लुयांदोने वह्या हातात घेतल्या, एक उघडली, दोन पानं वाचली आणि मिटली. "आई," ती म्हणाली, "मी आल्या आल्याच तुमचं नाव सुचवलं. कुणाला न विचारता." बोलताना तिने नजर वर केली नाही. वह्या बॉयलरमध्ये घालायला मात्र बाना काबासो स्वतः गेली. तिथे आता दुसराच माणूस होता.

उरलेले आठ महिने ती मागच्या खोलीत दाखले आणि फोटो ज्याचे त्याला परत करत बसली. शनिवारी मुली यायच्या, चटईवर बसायच्या. मिठाचं सांगायची वेळ आली की ती बरोबरच्या दुसऱ्या बाईला म्हणायची, हे तू सांग.

पण ते पुढचं. त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी सकाळी ती फाटकाशी आली तेव्हा थंडी होती आणि कढईभोवती तिघीचौघी होत्या. जावं की न जावं करत ती थांबली, मग गेली. तिने पाच मागितले. रोइडाने कागद घेतला आणि गोळे टाकले: एक, दोन, तीन, चार, पाच. पुडी बांधली आणि पुढे केली. बाना काबासोचा हात सवयीने क्षणभर तसाच पसरलेला राहिला.

"पाच आहेत," रोइडा म्हणाली.

"हो. पाचच," बाना काबासो म्हणाली, आणि हात मिटला.

शेजारच्या पोरीला मात्र रोइडाने वर एक टाकला. पुडी कोमट होती. ती दोन्ही हातांत धरून बाना काबासो आत गेली. खिडकीच्या भिंतीला गवंड्यांनी पहिला घाव घातला होता आणि विटांची लाल भुकटी सगळीकडे उडत होती.